उणे ४० बाइट: सीपीयू बंद होताना एक्सएफएस का कोलमडत होती

लिनक्स कर्नलच्या लॉगमध्ये आधी एक साधी ओळ येते: ३ क्रमांकाचा सीपीयू आता ऑफलाइन आहे. तिच्या पाठोपाठ एक्सएफएस या फाइलसिस्टमचा, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या यंत्रणेचा, इशारा: कॉन्टेक्स्ट तिकिटाची राखीव जागा संपली, ती वाढवायला हवी. मग तिकिटाचा हिशेब छापला जातो. एकक राखीव जागा ९२६८ बाइट, सध्याची शिल्लक उणे ४० बाइट. शेवटची ओळ सांगते की लॉगमधल्या चुकीमुळे फाइलसिस्टम बंद करण्यात आली आहे. इथून पुढे त्या फाइलसिस्टमवर केलेलं प्रत्येक काम त्रुटी घेऊन परत येतं आणि चाचणी नापास होते.

डिस्क धडधाकट असते. मेमरीत बिघाड नसतो. तीच चाचणी त्याच यंत्रावर लगेच पुन्हा चालवली तर बहुतेक वेळा पासही होते. अशा अपयशावर ‘अधूनमधून होतं’ असा शेरा मारून पुढे जाण्याचा मोह फार मोठा असतो. पण या प्रकरणात त्या चार ओळींच्या मागे एक्सएफएसच्या स्वतःच्या लॉगच्या अखंडतेलाच धक्का लावणारी शर्यत (दोन कामं नको त्या क्रमाने घडली तरच दिसणारी चूक) दडलेली होती. ती २०२३ मध्ये उलगडली आणि ६.६ कर्नलमध्ये तिचा बंदोबस्त झाला. हे सगळं उघड्यावर, सार्वजनिक नोंदींमध्ये घडलं आहे, आणि फाइलसिस्टमची चाचणी करणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी टप्प्याटप्प्याने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. सगळ्यात जास्त वेळ मी त्या ‘उणे ४०’ या आकड्यावर घालवणार आहे, कारण नीट वाचलं तर जवळजवळ सगळी गोष्ट त्या एका आकड्यातच आहे.

चाचणी नेमकी काय करते

एफएसटेस्ट्स हा फाइलसिस्टम तपासण्याचा चाचणीसंच. जुने लोक त्याला अजूनही एक्सएफएसटेस्ट्स म्हणतात, कारण तो जन्मला एक्सएफएससाठी. आज ईएक्सटी४, बीटीआरएफएस, एनएफएस असे सगळेच तो वापरतात. त्यातल्या ‘जेनेरिक’ गटातली ६५० क्रमांकाची चाचणी एकाच वेळी दोन कामं चालू ठेवते. एकीकडे एफएसस्ट्रेस हा प्रोग्रॅम, फक्त लिहिण्याच्या कामांसह: फाइली तयार कर, लिही, कापून लहान कर, नाव बदल, पुसून टाक. त्याच्या प्रक्रियांची संख्या यंत्रातल्या सीपीयूंच्या संख्येवर ठरते, म्हणजे प्रत्येक सीपीयूला लिहायला काहीतरी असतंच. दुसरीकडे एक लहानसं चक्र फिरत असतं: चिठ्ठी टाकल्यासारखा कुठलाही एक सीपीयू निवड, शून्य किंवा एक यातलं काहीतरी निवड, आणि ते त्या सीपीयूच्या ‘ऑनलाइन’ नावाच्या सिसएफएस फाइलमध्ये (कर्नल नियंत्रणासाठी दाखवतं ती आभासी फाइल) लिही. अर्धा सेकंद थांब. पुन्हा तेच.

शून्य लिहिलं की सीपीयू बंद, एक लिहिलं की चालू. चाचणी संपताना सगळे सीपीयू पुन्हा चालू केले जातात. ही आवरासावर महत्त्वाची आहे. चाचणी मधेच मारली गेली आणि निम्मे सीपीयू बंदच राहिले, तर पुढच्या चाचण्या वेगळ्याच यंत्रावर चालल्यासारखं होतं आणि त्यांचे निकाल वाचणारा बुचकळ्यात पडतो.

‘चालू यंत्रावर असे सीपीयू कोण बंद-चालू करतं?’ असा आक्षेप या चाचणीवर नेहमी येतो. करतात. सुरक्षेसाठी हायपरथ्रेडिंग चालू यंत्रावरच बंद केलं जातं, तेव्हा प्रत्येक कोअरचा जोडीदार धागा याच वाटेने ऑफलाइन जातो. आभासी यंत्राचे सीपीयू भार पाहून कमी-जास्त केले जातात. लॅपटॉप खोल झोपेत (सस्पेंड-टू-रॅम) टाकताना पहिला सोडून बाकी सगळे सीपीयू याच यंत्रणेने उतरवले जातात. फरक इतकाच की झोपवताना वापरकर्त्याच्या प्रक्रिया आधी गोठवलेल्या असतात. चाचणी मात्र त्या पूर्ण जोमात असताना सीपीयू काढून घेते, म्हणून जी फट तिथे सहसा दिसत नाही ती इथे सापडते.

आधी काय वगळावं

अशा अपयशात तीन पक्ष गुंतलेले असतात: फाइलसिस्टम, हॉटप्लगची म्हणजे चालू यंत्रावर सीपीयू काढण्या-घालण्याची यंत्रणा, आणि खाली असलेलं हार्डवेअर किंवा आभासी यंत्र चालवणारा हायपरव्हायजर. कोण दोषी ते ठरवण्याआधी त्यांना वेगळं करावं लागतं. एफएसस्ट्रेस एकटा चालवला, हॉटप्लगशिवाय, आणि तासन्‌तास काही बिघडलं नाही, तर फाइलसिस्टमचा रोजचा मार्ग बहुधा ठीक आहे. हॉटप्लगचं चक्र एकटं चालवलं, डिस्कवर काही न लिहिता, आणि यंत्र गोठलं, तर फाइलसिस्टमकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. मग तीच जोडी दुसऱ्या फाइलसिस्टमवर चालवून पाहायची. तिथे निभावलं आणि फक्त एक्सएफएसवर पडलं, तर शोधाची दिशा पक्की होते.

दोन गोष्टींनी लोक इथे हमखास फसतात. पहिली, एफएसस्ट्रेसला यादृच्छिक क्रमाचं बीज देता येतं म्हणून तेच बीज दिलं की तेच अपयश मिळेल, ही आशा. बीज फक्त प्रत्येक प्रक्रिया कुठली कामं कुठल्या क्रमाने करेल ते ठरवतं. त्या प्रक्रिया कुठल्या सीपीयूवर, कुठल्या क्षणी धावतील ते शेड्यूलर ठरवतो, आणि आपली शर्यत नेमकी तिथे आहे. दुसरी, एक्स८६ वर (इंटेल-एएमडी प्रकारच्या यंत्रांवर) शून्य क्रमांकाचा सीपीयू. तो बंद करण्याची सोय ६.५ कर्नलपासून काढून टाकली आहे. तेव्हा त्याच्यासाठी ‘ऑनलाइन’ फाइलच नसेल तर तो चाचणीचा दोष समजू नये.

अधिक उपयोगी साधन म्हणजे कर्नलचे ट्रेसपॉइंट. हॉटप्लगच्या प्रत्येक टप्प्यात शिरताना आणि बाहेर पडताना नोंद होते. त्या नोंदी एक्सएफएसच्या नोंदींशेजारी एकाच कालरेषेवर ठेवल्या की ‘सीपीयू ऑफलाइन झाला’ आणि ‘फाइलसिस्टम बंद पडली’ यांच्यामधला काळ दिसतो. या प्रकरणात तो काळ अगदी थोडा होता, आणि ऑफलाइनची ओळ आधी होती. योगायोगाची शक्यता तिथेच मावळते.

उणे ४० कुठून आले

आता एक्सएफएसच्या लॉगकडे यावं लागेल, म्हणजे कर्नलच्या संदेशांकडे नव्हे, तर वीज गेल्यावर सावरता यावं म्हणून बदल आधी लिहून ठेवायच्या डिस्कवरच्या नोंदवहीकडे. मेटाडेटा (फाइलींविषयीची माहिती) बदलणारं प्रत्येक काम एक ट्रान्झॅक्शन असतं. ते सुरू होण्याआधी लॉगमध्ये पुरेशी जागा राखून ठेवतं, म्हणजे अर्ध्यावर जागा संपून अडकायला नको. ट्रान्झॅक्शन पूर्ण झालं की त्याचे बदल लगेच डिस्कवर जात नाहीत. ते मेमरीतल्या एका यादीत जमा होतात. या यादीला विकासक ‘सीआयएल’ म्हणतात, म्हणजे डिस्कवर जायच्या राहिलेल्या पण पक्क्या झालेल्या बदलांची यादी. बरेच बदल साठले की सगळे मिळून एक चेकपॉइंट म्हणून लॉगमध्ये लिहिले जातात. ही उशिरा लिहिण्याची पद्धत २०१० मध्ये, २.६.३५ कर्नलमध्ये आली आणि एक्सएफएसचा मेटाडेटाचा वेग तिने पार बदलून टाकला.

चेकपॉइंट लिहिण्यासाठीही राखीव जागा लागते. तिच्या हिशेबाला तिकीट म्हणतात. इथली युक्ती सुंदर आहे. नव्या चेकपॉइंटचं तिकीट सुरुवातीला मुद्दाम शून्य शिल्लक घेऊन जन्मतं. त्या चेकपॉइंटमध्ये जे पहिलं ट्रान्झॅक्शन येईल, त्याच्या राखीव जागेतून चेकपॉइंटचा मूळ खर्च कापून घेतला जातो. वरच्या नोंदीत ‘एकक राखीव जागा ९२६८ बाइट’ असं जे दिसतं, तो हाच मूळ खर्च.

पूर्वी हे सगळं एकाच सामायिक यादीत आणि एकाच कुलपाखाली चालायचं. सीपीयूंची संख्या वाढली तसं ते कुलूप गर्दीचं ठिकाण झालं. म्हणून ६.० कर्नलमध्ये सीआयएल सीपीयूंमध्ये वाटून टाकली. प्रत्येक सीपीयूकडे स्वतःची बदलांची यादी, स्वतःचा वापरलेल्या जागेचा आकडा आणि स्वतःकडे जमा झालेल्या राखीव जागेचा आकडा. चेकपॉइंट लिहायची वेळ आली की लिहिणारा सगळ्या सीपीयूंकडे फिरतो, राखीव जागा तिकिटात ओततो आणि याद्या जोडून घेतो. जणू प्रत्येक कामगाराच्या हाती स्वतःची वही आहे आणि ठरल्या वेळी सगळ्या वह्या मुख्य खातेवहीत उतरवायच्या आहेत.

आता हिशेब मांडू. चेकपॉइंट लिहायला घेतला की सगळ्यात आधी त्याचं शीर्ष लिहिलं जातं. त्यात सुरुवात झाल्याची खूण म्हणून १२ बाइटांचं एक कार्यशीर्ष असतं. नंतर आणखी एक १२ बाइटांचं कार्यशीर्ष आणि त्यामागे १६ बाइटांचं ट्रान्झॅक्शन-शीर्ष. १२ अधिक १२ अधिक १६, म्हणजे ४०. हे ४० बाइट तिकिटाच्या शिल्लकीतून वजा होतात.

शिल्लक उणे ४० झाली, याचा अर्थ वजाबाकीआधी ती बरोबर शून्य होती. जन्मताना होती तेवढीच. म्हणजे वह्या गोळा करणारा फिरून आला, पण तिकिटात एक बाइटही पडला नाही. मूळ खर्चाचे ९२६८ बाइट पहिल्या ट्रान्झॅक्शनने नक्की कापून दिलेले असणार, कारण त्याशिवाय चेकपॉइंट सुरूच होत नाही. ते कुठल्यातरी सीपीयूच्या वहीत होते, आणि ती वही कोणी उघडलीच नाही.

कुठली वही? कर्नलच्या लॉगची पहिली ओळ पुन्हा वाचा. ३ क्रमांकाचा सीपीयू आता ऑफलाइन आहे.

इशाऱ्यातलं ‘राखीव जागा वाढवायला हवी’ हे वाक्य मला फार धोकादायक वाटतं. ते लिहिलं गेलं तेव्हा तिकीट तुटीत जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे राखीव जागेचं गणित चुकणं हेच होतं, त्यामुळे त्या काळी सल्ला योग्य होता. पण इथे कोणी तो शब्दशः ऐकला असता आणि एकक राखीव जागा दुप्पट केली असती, तर ती दुप्पट रक्कमही त्याच हरवलेल्या वहीत गेली असती. आणि समजा ती वाढ थेट तिकिटात घातली असती, तर परिस्थिती आणखी बिकट झाली असती. इशारा गप्प झाला असता, चाचणी पास झाली असती, आणि बंद झालेल्या सीपीयूच्या यादीतले बदल मात्र त्या चेकपॉइंटमधून तसेच गळत राहिले असते.

या गळतीचा परिणाम काय झाला असता, ते पाहायला हवं. एका ट्रान्झॅक्शनने इनोड (फाइलीची माहितीनोंद) आणि एक बफर (डिस्कवरच्या तुकड्याची मेमरीतली प्रत) असं दोन्ही बदललं आहे असं धरू. इनोड आधीच्या कुठल्याशा कामामुळे १ क्रमांकाच्या सीपीयूच्या यादीत आहे. यादीत आधीच असलेली वस्तू तिथेच राहते, फक्त तिचा मजकूर ताजा होतो. बफर नव्याने ३ क्रमांकाच्या यादीत गेला. आता ३ ची यादी वगळून चेकपॉइंट लिहिला गेला, तर लॉगमध्ये इनोडचा नवा मजकूर आहे, पण त्याच्या जोडीचा बफर नाही. त्या क्षणी वीज गेली तर लॉगमधून सावरताना अर्धं ट्रान्झॅक्शन लागू होईल. फाइलसिस्टमने दिलेलं मूळ वचनच तिथे मोडतं. तेव्हा तुटीमुळे फाइलसिस्टम जागच्या जागी बंद पडणं हा चांगला शेवट होता: पुन्हा माउंट केल्यावर ती आधीच्या पूर्ण चेकपॉइंटवर परत येते. तूट झाली नाही तर कोणालाच काही कळत नाही, आणि भीती खरी त्याची आहे.

मधली फट

वही उघडली का गेली नाही? कारण गोळा करणारा फक्त ‘ऑनलाइन मास्क’मधल्या (चालू सीपीयूंच्या बिट-यादीतल्या) सीपीयूंकडे फिरत होता. विचार वरवर बिनतोड वाटतो: जे चालू आहेत त्यांच्याकडून घ्या, आणि जे बंद होतील त्यांच्यासाठी हॉटप्लगच्या यंत्रणेत एक ‘मृत’ टप्प्याचा कॉलबॅक (तो टप्पा आला की आपोआप चालणारं फंक्शन) लावून ठेवा. सीपीयू बंद झाला की तो कॉलबॅक धावेल आणि त्याची वही दुसरीकडे उतरवेल.

पण सीपीयू एका झटक्यात बंद होत नाही. ४.६ कर्नलपासून हॉटप्लग ही टप्प्यांची शिडी आहे. उतरताना आधी शेड्यूलर त्या सीपीयूवर नवं काम देणं थांबवतो. मग सगळ्या सीपीयूंना क्षणभर थांबवून तो ऑनलाइन मास्कमधून काढला जातो. मग बाकीचे सीपीयू पुन्हा धावू लागतात. बंद होणारा आपल्या शेवटच्या विश्रांतीत जातो. आणि त्यानंतर दुसऱ्या कुठल्यातरी सीपीयूवर, एकामागून एक, ‘मृत’ टप्प्यांचे कॉलबॅक चालतात. एक्सएफएसचा कॉलबॅक त्यांच्यातला एक.

मास्कमधून नाव गेलं आहे आणि कॉलबॅक अजून आलेला नाही, हा मधला काळ लहान असतो, पण त्या काळात बाकीचे सीपीयू पूर्ण मोकळे असतात. नेमक्या त्याच वेळी कोणी चेकपॉइंट लिहायला घेतला, तर जाणाऱ्या सीपीयूची वही कोणाचीच राहत नाही. गोळा करणाऱ्याच्या लेखी तो बंद, आणि कॉलबॅकच्या लेखी त्याची पाळी यायची आहे. पुढे कॉलबॅक धावतो तेव्हा ती वही पुढच्या चेकपॉइंटमध्ये उतरते, म्हणजे बदल चुकीच्या चेकपॉइंटमध्ये जातात.

हीच फट २०२३ मध्येच आधी एकदा सापडली होती. कर्नलमध्ये प्रत्येक सीपीयूवर वाटलेले मोजणी-आकडे असतात, आणि त्यांची अचूक बेरीज करणारं फंक्शन ऑनलाइन सीपीयूंवरून फिरत असे. एक्सएफएस अनमाउंट होताना एक आकडा शून्य असायलाच हवा होता, तो शून्य भरला नाही आणि डीबग बिल्डमधली तपासणी अडली. कारण तेच, जाणाऱ्या सीपीयूचा वाटा बेरजेतून सुटला. एक्सएफएसचे विकासक डेव्ह चिनर यांनी तो दोष ६.३ मध्ये दुरुस्त केला: बेरीज करताना ऑनलाइन मास्कच्या जोडीला ‘बंद होत असलेल्या’ सीपीयूंचा मास्कही घ्यायचा. त्या दुरुस्तीमुळे सामान्य मोजणीचा प्रश्न मिटला. पण सीआयएलची वाटणी एक्सएफएसच्या स्वतःच्या कोडमध्ये होती आणि तिथे तोच विचार स्वतंत्रपणे लिहिलेला होता. एखादी शर्यत सापडली की तिची भावंडं कुठे आहेत ते ‘ऑनलाइन सीपीयूंवरून फिरणारी चक्रं’ शोधून लगेच तपासावं, असं मला म्हणूनच वाटतं. कर्नलच्या एवढ्या मोठ्या पसाऱ्यात हा एक शोध फारसा महाग पडत नाही.

दुरुस्तीचे तीन रस्ते

पहिला रस्ता कुलपाचा. चेकपॉइंट गोळा करताना हॉटप्लगचं वाचन-कुलूप धरायचं, म्हणजे मधेच कोणी सीपीयू काढू शकणार नाही. इथे कुलपांचा क्रम आडवा येतो. सीपीयू बंद करणारा हॉटप्लगचं कुलूप आधी धरतो आणि मग एक्सएफएसच्या कॉलबॅकमध्ये सीआयएलचं कुलूप मागतो. चेकपॉइंट लिहिणाऱ्याने सीआयएलचं कुलूप हातात ठेवून हॉटप्लगचं मागितलं, तर दोघं एकमेकांसाठी कायमचे थांबून राहतील.

दुसरा रस्ता चिनर यांच्या दुरुस्तीचा. ‘बंद होत असलेले’ सीपीयूही फेरीत घ्यायचे. प्रयोगात याने अपयश थांबत होतं. पण मग फाइलसिस्टमच्या लॉगची अखंडता हॉटप्लगच्या मास्कांचे क्षणाक्षणाचे बदल कुठल्या क्रमाने दिसतात यावर अवलंबून राहते. ती यंत्रणा गुंतागुंतीची आहे, तिचे नियम दुसरे लोक सांभाळतात, आणि उद्या ते बदलले तर एक्सएफएसला कळणारही नाही.

एक्सएफएसचेच विकासक डॅरिक वाँग यांनी तिसरा रस्ता धरला, आणि माझ्या मते तोच या प्रकरणाचा गाभा आहे. त्यांनी प्रश्नच बदलला. ‘कोण चालू आहे?’ हे हॉटप्लगला विचारण्याऐवजी ‘या चेकपॉइंटमध्ये कोणी लिहिलं?’ हे एक्सएफएसने स्वतः लक्षात ठेवायचं. प्रत्येक चेकपॉइंटच्या कॉन्टेक्स्टला, म्हणजे त्याचा हिशेब ठेवणाऱ्या रचनेला, स्वतःचा सीपीयू-मास्क दिला. कुठल्याही सीपीयूने आपल्या वहीत पहिली नोंद केली की त्याचा बिट लावला जातो. गोळा करणारा फक्त लावलेल्या बिटांकडे फिरतो. मधल्या काळात तो सीपीयू बंद झाला का, होत आहे का, पुन्हा चालू झाला का, याच्याशी देणंघेणं नाही.

हे चालतं यामागे एक साधी वस्तुस्थिती आहे, जी या सगळ्या चर्चेत सहज नजरेआड होते. प्रत्येक सीपीयूसाठी वाटलेली मेमरी ही यंत्रात शक्य असलेल्या सगळ्या सीपीयूंसाठी आधीच घेतलेली असते. सीपीयू बंद झाला म्हणून ती मोकळी होत नाही. वही टेबलावर तशीच पडलेली असते, कोणीही उघडून वाचू शकतो. ऑनलाइन मास्क कोण काम करू शकतो ते सांगतो. कोणाकडे आपला हिशेब बाकी आहे ते त्याला ठाऊक नसतं, आणि ते सांगण्यासाठी तो बनवलेलाही नाही.

या बदलात किंमतही वाचली. शेकडो सीपीयूंच्या यंत्रात एखाद्या चेकपॉइंटमध्ये मोजक्याच सीपीयूंनी लिहिलेलं असतं. आधी फेरी सगळ्यांकडे व्हायची, आता लिहिलेल्यांकडेच होते. बिट लावण्याआधी तो आधीच लागला आहे का ते नुसतं वाचून पाहिलं जातं, म्हणजे रोजच्या धावपळीत महागडी अणुक्रिया (मधे दुसरा सीपीयू घुसू शकणार नाही अशी क्रिया) टळते. अचूकता वाढवताना वेगही वाढावा अशी दुरुस्ती रोज भेटत नाही.

त्याच पॅच-मालिकेतले बाकीचे दोन दोष

सीआयएल हे एकच ठिकाण नव्हतं. पुसलेल्या फाइलींचे इनोड खऱ्या अर्थाने मोकळे करण्याचं काम एक्सएफएस ५.१५ पासून मागच्या बाजूला करतं, आणि त्याच्याही याद्या प्रत्येक सीपीयूवर वाटलेल्या. त्या रिकाम्या करणारी फेरीही ऑनलाइन मास्कवरून. इथे तक्रार आली नव्हती, बहुधा कॉलबॅक मृत सीपीयूची यादी दुसऱ्याला देऊन लगेच कामाला लावत असल्यामुळे. पण अनमाउंटच्या वेळी हीच फट पडली, तर मोकळी झालेली मेमरी कोणीतरी वापरत राहण्याचा धोका होता. उपाय तसाच: प्रत्येक माउंटला एक मास्क, ज्या सीपीयूच्या यादीत काही आहे त्याचा बिट लावलेला.

इथे एक नाजूक जागा आहे. सीआयएलमध्ये एक चेकपॉइंट संपला की मास्कही त्याच्यासोबत जातो. इनोडच्या याद्या मात्र सतत भरत आणि रिकाम्या होत राहतात, म्हणून बिट लावण्याचा आणि काढण्याचा क्रम काटेकोर लागतो. भरणारा आधी यादीत वस्तू ठेवतो, मेमरी-बॅरिअर (आधीचा बदल इतरांना आधीच दिसेल याची हमी देणारी सूचना) घालतो आणि मगच बिट लावतो. त्यामुळे ज्याला बिट दिसला त्याला वस्तूही दिसणारच. रिकामं करणारा उलट क्रमाने जातो: आधी बिट काढतो, बॅरिअर, आणि मग यादी उचलतो. मधेच कोणी नवी वस्तू टाकली तर तिचा बिट नव्याने लागेल. फार तर रिकाम्या यादीकडे एक वाया फेरी होईल, पण भरलेली यादी बिटाशिवाय उरणार नाही. हे बॅरिअर विसरले तर एक शर्यत काढून दुसरी आणल्यासारखं होईल, आणि ती शोधायला जेनेरिक/६५० देखील पुरेशी पडेल याची खात्री मी देणार नाही.

तिसरा दोष वेगळ्या प्रकारचा होता. हॉटप्लगचा कॉलबॅक यंत्रावरच्या सगळ्या एक्सएफएस माउंटच्या यादीवरून फिरायचा. माउंट या यादीत लवकर दाखल व्हायचं, त्याचा लॉग मात्र नंतर उभा राहायचा. माउंट चालू असताना त्या मधल्या क्षणी सीपीयू बंद झाला, की कॉलबॅक अजून अस्तित्वातच नसलेल्या लॉगला हात लावायचा आणि कर्नल कोसळायचं. हाही दोष त्याच सुमारास कळवला गेला. त्यावर स्वतंत्र ठिगळ लावायची गरज उरली नाही. सीआयएल आणि इनोडच्या याद्या आपला हिशेब स्वतः ठेवू लागल्यावर त्या कॉलबॅकला कामच राहिलं नव्हतं. मालिकेतल्या पुढच्या पॅचने एक्सएफएसमधली हॉटप्लगची सगळी व्यवस्थाच काढून टाकली.

दुरुस्ती खरी आहे हे कसं तपासायचं

अधूनमधून येणाऱ्या दोषाच्या दुरुस्तीनंतर चाचणी पास झाली, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ती आधीही बहुतेक वेळा पासच होत होती. एफएसटेस्ट्सला तीच चाचणी पुन्हापुन्हा चालवायला सांगता येतं, आणि तसं करावंच. पण दुरुस्ती नसलेल्या कर्नलवर किती फेऱ्यांमागे अपयश येतं ते आधी मोजून ठेवावं, म्हणजे दुरुस्तीनंतर किती फेऱ्या निर्विघ्न गेल्यावर समाधान मानायचं ते ठरवता येतं.

मला आवडणारा मार्ग अधिक थेट आहे: फट मुद्दाम उघडी धरून ठेवणं. सिसएफएसमध्ये सीपीयूंच्या ‘हॉटप्लग’ फोल्डरात ‘स्टेट्स’ नावाची फाइल असते. शिडीची प्रत्येक पायरी तिच्या क्रमांकासह तिथे वाचता येते. प्रत्येक सीपीयूच्या स्वतःच्या ‘हॉटप्लग’ फोल्डरात ‘टार्गेट’ ही फाइल असते. कर्नल बांधताना हॉटप्लगच्या पायऱ्यांवर नियंत्रणाचा पर्याय चालू ठेवला असेल, तर तिथे मधल्या पायरीचा क्रमांक लिहून सीपीयूला उतरताना अर्ध्यावर थांबवता येतं. जिथे थांबायला मनाई आहे अशा काही पायऱ्या आहेत, पण तयारीच्या विभागातल्या बऱ्याच पायऱ्यांवर थांबता येतं. जुन्या कर्नलवर सीपीयूला ऑनलाइन मास्कमधून बाहेर, पण एक्सएफएसच्या ‘मृत’ पायरीच्या वर असं उभं करायचं. एरवी क्षणभर उघडणारी फट आता हवी तितका वेळ उघडी राहते. त्या सीपीयूला बांधलेल्या प्रक्रियेने तो उतरण्याच्या अगदी आधी लिहिलेलं असेल, आणि थांबवल्यावर लगेच सिंक करून चेकपॉइंट लिहायला लावला, तर नशिबाची वाट पाहावी लागत नाही. दुरुस्त कर्नलवर हाच प्रयोग केला की तिकिटात राखीव जागा पूर्ण पोचलेली दिसायला हवी.

त्याच फोल्डरात ‘फेल’ नावाचीही फाइल आहे. ठरावीक पायरी मुद्दाम अपयशी ठरवून उतरलेला सीपीयू पुन्हा वर चढवायला ती लावते. या परतीच्या वाटेवर फारशा चाचण्या झालेल्या नसतात. आपल्या कोडमध्ये हॉटप्लगचा कॉलबॅक असेल तर ती वाट जरूर चालून पाहावी.

सीआयएलमधला हा दोष ६.० पासून ६.५ पर्यंतच्या मूळ कर्नलमध्ये आहे. इनोडच्या याद्यांमधली फट त्याआधी, ५.१५ पासूनची. आपण यातलं एखादं कर्नल चालवत असाल आणि त्यावर एक्सएफएस असेल, तर वितरकाच्या बदलनोंदीत ६.६ मधले हे पॅच मागे आणलेले आहेत का ते पाहा. तोवर चालू यंत्रावर सीपीयू काढायचाच झाला, तर आधी त्या फाइलसिस्टमवरचं लेखन थांबवा, सिंक पूर्ण होऊ द्या, आणि मगच ‘ऑनलाइन’ फाइलमध्ये शून्य लिहा.